गाडी त्याची, किस्त माझी

—नाही, तो ब्लाऊजपीस राहू दे पिशवीतच. माप-बिप नंतर, आधी बस. अशी उन्हात उभी कायले राहिली? ओसरीवर नको, आत ये, आत मशिनीपाशी पंखा आहे. त्या स्टुलावर बस. अन् पाणी घे — घे न बाई, पाण्यात काही टाकलं नाही मी. हसली, बरं झालं. मले वाटलं सवतीच्या दारात आल्यासारखी थरथरत येशील. पण सवत कुठं आहे मी? मी तर सुटलेली. तीन वर्षं दोन महिने झाले, भंडाऱ्याच्या कोर्टाचा शिक्का आहे कागदावर. तू जागेश्वरची आताची बायको, रुखमिणी, लग्नाले आठ महिने झालेली — अन् मी त्याची आधीची, रीना. हाव, ओळखते मी तुले. दोन महिने झाले तुम्ही वरठीत राहाले आले, फाटकाच्या तिकडे, भाड्यानं. बजारात पाहिलं होतं तुले, पाव किलो भेदरं घेतले अन् एकेक टमाटर दाबून पाहत होती. मनात म्हटलं, पोरगी हिशोबाची दिसते. नाकाडोंगरीची न तू? अन् बाबा चिखल्याच्या खाणीत? मले सगळं माहीत आहे. वरठी केवढी, बाई, अन् लोकायले कामं किती.

अन् ते कागद पदराखाली कायले दाबून बसली? काढ न बाहेर. प्लास्टिकच्या पन्नीत आधार, रेशनकार्ड, दोन फोटो, बँकेचं पासबुक — बरोबर? मी न पाहता सांगते. अन् फॉर्मवर लिहिलं असन शेळीपालन. तीन शेळ्या, एक बोकड. — पाहा, कशी पाहून राहिली माझ्याकडे! कसं ओळखलं? ओळखलं. आज मंगळवार, अकरा वाजता बायायले लोन देणाऱ्या मंगळवारवाल्या कंपनीचे सर किस्त घ्याले येतात, ह्याच ओसरीवर केंद्राची मिटिंग होते, वीस बाया येतात. नवीन बाईचं नाव टाकायचं तर सर पहिले केंद्रप्रमुखाले विचारतात — ताई, ही बाई कशी आहे, घ्यायची का? ताई हाव म्हणाली तर घेतात, नाही म्हणाली तर टॅब बंद करतात. अन् इथली केंद्रप्रमुख मी. म्हणून त्यानं तुले ब्लाऊज शिवाले पाठवलं. सकाळी उठून म्हणाला असन, जा, रीनाकडे जाऊन ये, ती करून देते. आता सवादहा झाले. पाऊण घंटा आहे आपल्यापाशी. डबे गेले, माझी पोरगी खुशबू कॉलेजात गेली, घरात कोणी नाही.

ह्या पिशव्या पाहून राहिली का? पाहा, पाहा. सगळेच पाहतात. सरही हसले होते पहिल्या वेळी, म्हणे रीनाताई, भिंतीवर दुकान मांडलं का? सात आहेत. गिऱ्हाइकांच्या कपड्याचे तुकडे उरतात न, त्याच्या शिवल्या. लाल ती मंगळवारची किस्त. निळी शुक्रवारवाल्या कंपनीची — ती फिटली, रिकामी आहे, तरी काढली नाही मी. रिकामी पाहाले बरं वाटते. हिरवी पंधरवडीवाल्याची, तीही पोळ्याच्या आधी फिटली. पिवळी किराणा, पांढरी लाईटबिल अन् सिलेंडर, फुलाफुलाची खुशबूच्या शिक्षणाची. अन् ती काळी लहानशी, ती माझी, तिच्यात आठवड्याचे वीस रुपये. रोज जे येते — ब्लाऊजचे, फॉल लावल्याचे, प्लँटवाल्या नऊ जणांच्या डब्याचे — ते संध्याकाळी जेवायच्या आधी वाटायचं. पहिले लाल पिशवीत, मग बाकीच्यांत. अन् एका पिशवीतलं दुसरीत जाणार नाही, जीव गेला तरी नाही. किराणा संपला तर संपला, भात अन् अंबाडीची भाजी खाऊ, पण लाल पिशवीले हात लावायचा नाही. कोणी शिकवलं? कोणी नाही. मशिनीवर बसून शिकली. एका पिसात दोन ब्लाऊज बसवाले गेलं तर एकाची बाही आखूड होते, हे मले वीस वर्षांपासून माहीत आहे — पैशाचं तेच आहे हे समजाले मात्र नवरा जावा लागला.

तू बारावी झाली म्हणतात. मी आठवी. पण सही करते मी, अंगठा नाही लावत. माझी सासू अंगठा लावे, मी सही करो, मोठी, ठळक, अन् त्याचा मले केवढा गर्व होता म्हणून सांगू! पहिलं लोन चाळीस हजाराचं. जागेश्वरले मोटरसायकल पाहिजे होती. ठेकेदाराकडे होता तो प्लँटमध्ये, सायकलीनं जाये, अन् सोबतचे सगळे गाडीवर — म्हणे रीना, गेटवर लाज वाटते. मले वाईट वाटलं. खरंच वाटलं, खोटं कायले बोलू, तेव्हा माझा जीव होता त्याच्यावर. आता कंपनी गाडीसाठी लोन देत नाही, धंद्यासाठी देते, तेही बाईलेच देते. तेव्हाचे सर — आता बदलून गेले ते — म्हणाले, ताई, तुम्ही शिलाई करता न, मग लिहा शिलाई मशीन. मी लिहिलं. सही केली. गाडी आली, त्याच्या नावानं, हार घातला, मी मागं बसून गायमुखले देवदर्शनाले जाऊन आली. दुसरं लोन शुक्रवारवाल्याचं, तीस हजार — लिहिलं पिको-फॉलची मशीन. त्यातले पंधरा माझ्या भावानं नेले, केवळरामनं. आम्ही ढिवर न, भावानं त्या वर्षी गावच्या तलावाचा ठेका घेतला होता सोसायटीतून, मासोळीचं बीज टाकाले पैसे पाहिजे होते. म्हणे ताई, दिवाळीले मासोळी निघाली की पहिले तुझे. तिसरं पंधरवडीवाल्याचं, साठ हजार — लिहिलं मोठी मशीन, मोटरवाली. जागेश्वर म्हणे छतावर टिना टाकू, भाड्याचं घर सोडू, माझ्या वडलांच्या जागेवर बांधू. एक टिन नाही आली. साठच्या साठ क्रिकेटच्या सट्ट्यात गेले, ते मले सहा महिन्यानं समजलं. आता मोज बरं — कागदावर माझ्या घरात तीन मशिनी आहेत. ह्या खोलीत किती दिसतात तुले? एक. हीच. तीही माझ्या मायनं लग्नात दिलेली, पायाची.

पण लोन घेतलं म्हणून मी त्याले सोडलं नाही, बाई. सट्ट्यावरूनही नाही सोडलं. माणूस चुकते. मी त्याले सोडलं ते मंगळवारच्या पाचशे रुपयावरून. — हाव, पाचशेवरून. मले तेव्हा टायफाईड झाला होता, मिटिंगले जाता येत नव्हतं, तर मी दर मंगळवारी त्याच्या हातात पैसे देत होती, ड्यूटीवर जाता जाता केंद्रावर देऊन जा. मोजून देत होती. तोही घेऊन, कपाळाले लावून — लक्ष्मी आहे म्हणे — खिशात टाके. असे अकरा मंगळवार. अन् बाराव्या मंगळवारी चार बाया माझ्या दारात आल्या. आमच्या गटाच्या चौघी. गटाचं कसं असते, तुले सांगतलं का त्यानं? पाच बाया एकमेकीच्या जामीन. एकीनं नाही भरलं तर चौघीनं भरायचं. त्या चौघी अकरा हप्ते माझे भरून राहिल्या होत्या अन् मले पत्ता नाही. ह्या ओसरीवर बसल्या, सकाळी नवापासून, सोबत डबा घेऊन आल्या होत्या. एक शब्द शिवी दिली नाही. बसून राहिल्या नुसत्या. शेजारच्या बाया पाहून जात, रस्त्यावरचे लोक पाहून जात. मी अंगात ताप, चादर घेऊन आत झोपलेली, अन् मी आतून ओरडते, मी दिले, मी दर मंगळवारी दिले! अन् त्यायच्यातली एक म्हणते — सावकाश म्हणते, रागानं नाही — रीना, तू आमच्याशी खोटं बोलशील असं वाटलं नव्हतं.

ते मले लागलं. आताही लागते. जागेश्वर संध्याकाळी आला, मी विचारलं, तर बूट काढता काढता म्हणाला, तुझ्या नावावर आहे न, तू पाहा. बूट काढता काढता, बाई! थांबलाही नाही.

मग माणसं बसवली. ह्याच ओसरीवर. त्याचे मोठेबाबा आसाराम, अन् गावचे दोघं-तिघं जाणते, अन् माझ्याकडून केवळराम. शंभराचा स्टॅम्पपेपर आणला. म्हणे आपसात फारकत लिहून घेऊ, तेच कोर्टात लावू, वकिलाचा खर्च वाचते. वाटणी झाली — दिवाण त्याचा, आलमारी माझी, कुलर त्याचा, मिक्सर माझा, ताटं अर्धी अर्धी, सतरा ताटं होती तर एकासाठी पाच मिनिटं बोलणं झालं. गाडी? आसारामबाबानं आरसी पाहिली, जागेश्वरच्या नावानं, गाडी जागेश्वरची. मग मी म्हटलं, अन् लोन? तिन्ही लोनचे कार्डं ठेवले त्यायच्यासमोर. आसारामबाबानं चष्मा लावला, सावकाश वाचलं — माणूस वाईट नाही तो, मी त्याले दोष देत नाही — वाचलं अन् विचारलं, रीना, सही कोणाची? मी म्हटलं माझी. लोन कायसाठी घेतलं? तोच वाचते — शिलाई मशीन, पिको मशीन, मोटर मशीन. मशीन कोणाच्या वाट्याले गेली? रीनाच्या. मग लोन रीनाचं. — आता बोल! काय बोलू मी? मी म्हणू की फॉर्मवर खोटं लिहिलं? मीच लिहिलं न ते. माझीच सही. एवढ्या माणसांत मी एकटी बाई, अन् मी आपल्या तोंडानं म्हणू की मी लबाडी करून लोन उचललं?

अन् केवळराम बाजूले बसला होता. माझा पाठचा भाऊ. त्याले तर माहीत होतं न — त्या पिको मशीनीचे पंधरा हजार त्याच्याच तलावात होते, पाण्यात फिरून राहिले होते. एक वाक्य बोलायचं होतं त्याले. मोठेबाबा, मशीन-बिशीन काही नाही, अर्धे मी नेले, बाकी जागेश्वरनं. एवढंच. मी त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता, काडीनं रेघा ओढत होता. मग साक्षीदार म्हणून त्याची सही घेतली, त्यानं केली. घरी जाताना मले म्हणाला, ताई, बोललो असतो तर ते पंधरा माझ्या अंगावर आले असते, घरी दोन पोरं आहेत माझ्या. — माझ्या घरी पोरगी नव्हती का? नवऱ्यानं फसवलं तर बाई रडते, शिव्या देते, मोकळी होते. भावानं फसवलं तर सांगायचं कोणाले? मायले? माय तर त्याच्याच घरी जेवते. चार वर्षं होत आली, त्याच्या घरचं पाणी नाही पेली मी. राखी पाठवते. पाठवते, हाव. पोस्टानं.

शेवटी आसारामबाबालेच कसंतरी वाटलं. म्हणे बाई अगदीच उघडी पडते, काहीतरी लिहा. तर एक ओळ टाकली — जागेश्वरनं रीनाले एका वर्षात पस्तीस हजार द्यायचे. एक वर्ष झालं, दोन झाले, तीन झाले. पस्तीस रुपयेही नाही. तुमच्या लग्नात बँड होता म्हणे. — नाही, तुले नाही बोलून राहिली. तुले काय माहीत.

सगळं मिळून एक लाख चौतीस होते, किराण्याचं उधार धरून. पहिल्या रात्री मी हिशोब केला. मग ह्या पिशव्या शिवल्या. काय काय सोडलं सांगू? तंबाखूचा खर्रा सोडला. हाव, मी खर्रा खात होती, हसू नको, मशिनीवर बसून दिवसाचे दोन, चाळीस रुपये रोज — महिन्याचे बाराशे तोंडातून थुंकत होती मी. पंधरा दिवस डोकं दुखलं, सुपारी चघळली, मग तीही सोडली. मोबाईलचा रिचार्ज सोडला, खुशबूच्या फोनवरून बोलते. सिलेंडर दोन महिने पुरवते, डब्याचा स्वैपाक चुलीवर — पहाटे चारले उठून. लग्नाले जाणं सोडलं, कारण लग्नाले गेलं की आहेर आला. लोकं म्हणाले नवऱ्यानं सोडलेली आहे, तोंड दाखवाले लाजते. म्हणू दे न! त्यायच्या म्हणण्यात माझे शंभर रुपये वाचत होते. अन् एकदा — हे कोणाले सांगतलं नाही — एकदा पिशवी मोडली मी. प्लँट बंद होता कायसाठी तरी, डबे गेले नाही, लाल पिशवीत दोनशे कमी. त्या चौघी पुन्हा ओसरीवर दिसाले लागल्या मले. मी फुलाफुलाची पिशवी उघडली, खुशबूच्या शाळेची सहल होती नागपूरले, त्याचे दोनशे होते, ते काढले. पोरगी दहावीत. तिले सांगतलं, सहल रद्द झाली. तिले शाळेत समजलं असनच न, रद्द नाही झाली ते! त्या दिवसापासून ती मले विचारून पाहते, आई, हे खरं सांगून राहिली का? प्रत्येक गोष्टीले. भात झाला म्हटलं तरी.

पण मंगळवार नाही चुकला. एकशे चौसष्ट मंगळवार, बाई. चौघींचे अकरा हप्ते व्याजासकट वापस केले, त्यायच्या दारात जाऊन, एकेकीच्या हातात. आता त्याच मले केंद्रप्रमुख म्हणून पाया पडाले येतात नवीन सुनांले घेऊन. मंगळवारवाल्याचं जुनं लोन फिटलं, त्याच्याकडूनच नवीन उचलून शुक्रवारवाला अन् पंधरवडीवाला फेडला. आता राहिले एकट्या मंगळवारवाल्याचे चौतीस हजार. पाचशेनं अडुसष्ट मंगळवार. त्याच्या आधीच खुशबू बारावी होते, तिले नर्सिंगले जायचं आहे भंडाऱ्याले. बँकेत विचारलं, शिक्षणाचं लोन देता का, तर तिथला साहेब कॉम्प्युटरमध्ये पाहून म्हणे, आई, तुमच्या नावावर आधीच चालू आहे, पहिले हे बंद करा, मग या. म्हणजे अडुसष्ट मंगळवार म्हणजे तिचं एक वर्ष गेलं. एक वर्ष घरी बसून काय करन? माझ्यासारखी फॉल लावन.

म्हणून तर रविवारी त्याचा फोन आला तेव्हा मी —

काही नाही. पाणी पाहिजे का अजून?

— हाव. आला होता फोन. खुशबूच्या मोबाईलवर. तुले नाही सांगतलं त्यानं? अन् मीही तुले सांगणार नव्हती, आता तोंडातून गेलंच तर ऐक. म्हणे रीना, रुखमिणीच्या नावानं सत्तर हजार निघते, तू सरले नुसतं हाव म्हण, त्यातले पस्तीस तुझे, स्टॅम्पवरचे, एकदम देतो. मी काय म्हटलं असन? तुले वाटते मी शिव्या दिल्या. नाही दिल्या. मी नाही म्हटलं नाही, बाई. मी डोक्यात चौतीस वजा केले, मंगळवारवाला पुसला, एक हजार उरले, त्याचा खुशबूचा फॉर्म भरला — फोन कानालेच होता. अन् मी विचारलं, फॉर्मवर काय लिहिणार? तो म्हणे म्हशी. मी म्हटलं, म्हशी नको, म्हशीचं लिहिलं तर सर गोठा पाहाले येतात, शेळ्या लिह. तीन शेळ्या, एक बोकड. शेळ्या कोणाच्याही दाखवता येतात.

अशी नको पाहू माझ्याकडे. म्हणून मले माहीत होत्या तुझ्या शेळ्या. मीच बांधल्या त्या तुझ्या दारात. जी लबाडी माझ्या गळ्यात पडली तीच मी माझ्या तोंडानं त्याले शिकवली, तुझ्यासाठी. अन् झोपली चांगली त्या रात्री, खरं सांगते. चार वर्षांत पहिल्यांदा चारच्या आधी जाग नाही आली. मले वाटलं, ती कोण, मी तिले पाहिलंही नाही धड. भेदरं घेणारी बाई. तिचं ती पाहीन. — त्याचेच शब्द, समजलं का? तुझ्या नावावर आहे न, तू पाहा. बूट काढता काढता.

पण तू दारात आली, घामानं भिजलेली, अन् सही कुठं करायची ते आधीच पेनानं फुली मारून आणलं. बारावीवाली हुशार पोरगी. तुझी फुली पाहिली अन् मले माझी ठळक सही दिसली. तर ऐक, मी ठरवलं. सर आले की मी नाही म्हणणार. म्हणणार, सर, ही बाई नवीन आहे वरठीत, आम्ही ओळखत नाही, हिले घेऊ नका. घरी तो बोलन तुले. बोलू दे. माझ्या नावानं बोटं मोड, सांग ती जुनी बाई जळते माझ्यावर. सांग, चालते मले. माझे अडुसष्ट मंगळवार मी भरीन, खुशबूचं एक वर्ष जाईन, जाऊ दे, पण तुझ्या ओसरीवर चार बाया —

रडू नको. रडू नको न, काय झालं? काय म्हणाली? नीट बोल, मले समजलं नाही. — माझे पैसे मले भेटले, मग मी आता आडवी कायले येते? असं म्हणाली तू? कोणते पैसे भेटले मले? — पस्तीस? — कोणी दिले? — कधी?

गेल्या बुधवारी. बुधवारी त्यानं तुले सांगतलं, रीनाले देऊन आलो, मोजून दिले. अन् आणले कुठून? — तुझ्या नावानं. आधीच? कोण्या कंपनीचं? — नाकाडोंगरीले, तुझ्या मायच्या गटातून. सत्तर. शेळ्या लिहून. अन् हे आजचं दुसरं. म्हणजे ज्या रविवारी तो मले फोनवर म्हशी अन् शेळ्या विचारत होता, त्या रविवारी पैसे येऊन चार दिवस झाले होते, अन् मी त्याले —

मले नाही भेटले, रुखमिणी. एक रुपया नाही. खुशबूची शपथ. त्या सातही पिशव्या उलट्या करून पाहा.

तुझी माय त्या गटात आहे म्हणजे किस्त चुकली की चार बाया तुझ्या मायच्या ओसरीवर बसतीन. खाणीतून बाबा घरी येईन अन् त्यायले बसलेल्या पाहीन. अन् तू इथं रडून राहिली, अन् मी ह्या घडीले काय करून राहिली सांगू? मी मोजून राहिली. हे दुसरं लोन निघालं, अन् पैसे बँकेतून काढाले तुझ्यासंग मीच आली, त्याच्या हातात जाऊच दिले नाही, तर पस्तीस आजही माझे होतात. तुझ्यावर आधीच सत्तर आहेत, अजून सत्तर झाले तर काय — असं माझं मन म्हणून राहिलं. आता, इथं, तुझ्यासमोर. तुझा कळवळा होता मघाशी, तो कुठं गेला मलेच समजून नाही राहिलं.

ती गाडी थांबली का बाहेर? — उठ. कागद उचल. सगळे उचल, फोटोही, एक ठेवू नको इथं. मागच्या दारानं निघ, न्हाणीच्या बाजूनं रस्ता आहे. मागं वळून काही विचारू नको मले. सर यायच्या आत जा, रुखमिणी, जा — तू इथं बसून राहिली तर मी हाव म्हणीन.